पुरानंतरचं पाणी

भादव्यातलं ऊन मला सोसत नाही. आमच्या अकोल्यात वैशाखातही माणूस भाजून निघतो, पण ते ऊन कोरडं असतं. डोक्याला ओला रुमाल बांधला, खिशात कांदा टाकला की निभतं. भादव्यातलं ऊन ओलं. पावसानं जरा उघडीप दिली की रस्त्याकडेचा चिखल तापतो, नाल्यांतून वाफ वर येते आणि वाळत घातलेलं लुगडं दिवसभर दमटच राहतं. यंदा मोर्णा नदीचं पाणी काठावरच्या एका गल्लीत शिरलं आणि उतरलंही. नुकसान फार झालं नाही. पण विहिरीत पांढरी पावडर टाकून माणसं गेली होती, आणि दवाखान्यातली पाळी संपवून मी त्या गल्लीतून घरी निघाले तर तो वास सरळ नाकात शिरला. आधी ओल्या गाळाचा, त्यावर त्या पावडरीचा. मी जागच्या जागी उभी राहिले. बरोबर आमच्याकडं नवीन लागलेली नर्स होती. तिनं विचारलं, "काय झालं सिस्टर?" मी म्हटलं, "चपलेत खडा गेला." भर रस्त्यात उभी राहून तिला काय सांगणार होते, कपाळ!

तो वास मला दर वेळी एकाच गावात नेऊन सोडतो. बाळापूरच्या पुढं, मन नदीच्या काठचं पिंपळखुटा. मी तेव्हा नुकती नर्स झाले होते. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली त्याला दोनेक वर्षं झाली असतील. माझे वडील जिनिंगमध्ये कामाला, कापसाच्या धुळीनं खोकत खोकत त्यांनी मला शिकवलं, आणि पांढऱ्या कपड्यांत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एवढंच म्हणाले, "टोपी नीट लाव, वाकडी झाली." मग परसात जाऊन बराच वेळ खोकत बसले. खोकत होते की काय करत होते, मी बघायला गेले नाही.

पूर मी पाहिलाच नाही. पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता तोच नदी गावात शिरली, आणि आमची तुकडी पोचली तेव्हा ती परत आपल्या जागी जाऊन साळसूदासारखी वाहत होती. पाहिलं ते उरलेलं. बाभळींत अडकलेले बैल मला अजून दिसतात. पोटं फुगलेली, पण शिंगांना पोळ्याचा हिंगूळ तसाच लालभडक, एकाच्या गळ्यात घुंगरमाळसुद्धा शाबूत. ज्वारी सगळी एका दिशेला झोपलेली. मातीच्या भिंती बसल्या होत्या आणि त्यांच्यावर छपरं जशीच्या तशी टेकली होती. बायका चुलीच्या जागा शोधत गाळ उपसत होत्या. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या, आणि मुखवटे कुठं वाहून गेले त्याचा पत्ता नव्हता.

मदत येत होती, नाही असं नाही. अकोल्याहून, अमरावतीहून गाठोडी आली. त्यांत एका वकिलाचा काळा कोट होता, तो एका म्हाताऱ्यानं उघड्या अंगावर चढवला आणि त्या कोटात तो गाळातून ढोरं ओढत फिरला. मला हसू आलं. त्यानं पाहिलं आणि तोही हसला, म्हणाला, "बाई, आता निकाल माह्याच बाजूनं लागते." अशा वेळी माणसं हसतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, दुःखात माणूस दिवसभर रडतच असेल.

तुकडीतल्या बाकीच्या नर्स पुढच्या गावांना गेल्या, इथं मी एकटीच. आमचा दवाखाना म्हणजे गावची शाळा. उंचावर होती म्हणून तेवढी वाचली. दाराशी उकळलेल्या पाण्याचा हंडा, कोपऱ्यात स्टोव्हवर रटरटणाऱ्या सुया, जमिनीवर गोणपाटं, आणि या सगळ्याच्या मध्यभागी डॉक्टर इंगोले. तालुक्याचे सरकारी डॉक्टर. पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर सदा खाकी टोपी. मूळचे धामणगावचे. बायकामुलं तिकडंच, हे नोकरीपायी इकडं एकटे. तोंड फाटकं होतं. पेशंटला आधी शिव्या, मग औषध. मला "पोरी" म्हणायचे. मी दवाखान्यात जपून, शुद्ध बोलायची, त्यावरून चिडवायचे, "पुण्याले दिली का वं तुले पोरी?" मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. दवाखान्यात बाकी सगळ्यांनी मला आधी आडनाव विचारलं होतं. यांनी पहिल्या दिवशी विचारलं ते एवढंच, "सुई उकळता येते ना नीट?"

त्यांची एक शिस्त होती. स्वतःचा तांब्या ते कोणाला भरू देत नसत. उकळलेलं पाणी स्वतः हंड्यातून घ्यायचं, वर ताटली झाकायची, आणि पंगतीला बसले तरी दुसऱ्याच्या हातचं पाणी नाही. कोणी पुढं केलं की म्हणायचे, "उकयलं नाही ना? मंग तूही नको पिऊ." पुरामागून गावात हैजा, म्हणजे कॉलरा, आला होता; अशा दिवसांत याहून योग्य काही नाही, मीही आज हेच करते. पण आमच्यासारख्यांना, आपल्या हातच्या पाण्याचा नकार पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्यांना, दोन्ही नकार बाहेरून सारखेच दिसतात. यांचा कोणता, हे कसं विचारायचं? मी विचारलं नाही. भाकरी ते कुठलीही खात, आमच्या वस्तीतून आलेलीसुद्धा, एवढं पाहून गप्प बसले.

गावात पंचफुलाबाई म्हणून एक माळीण होती. नदीकाठी तिचा भाजीचा मळा. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या अर्ध्या बाळापूरला तिच्याकडून जायच्या. त्या मळ्यावर आता कमरेइतका गाळ होता. नवरा डोक्याला हात लावून बसून होता, आणि ही बाई फावडं घेऊन गाळ उपसत होती. काम अर्धं झालं की शाळेत येऊन आमच्याशी भांडायची, आणि परत जायची. एकदा माझे केस पाहून म्हणाली, "काय अवतार करून घेतला बाई. बस, फणी मारतो." मग माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं, तायडे. ती थांबली. आडनावावरून वस्ती कळते हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. मग म्हणाली, "तेल आणतो घरून, असं कोरडं ओढलं त केस तुटतीन." आणि आणलं. डोळे मिटून मी बसले. कितीतरी दिवसांनी कोणी माझं काहीतरी करत होतं, आणि मला ते इतकं गोड लागलं की लाज वाटली.

हैज्याच्या लशीच्या सुया टोचायला सुरुवात झाली तेव्हा रांगेत पहिली तीच होती, आणि अडूनही तीच बसली. "डाक्टरसाहेब, तुमी घेतली का? का आमच्यावरच पाहून राहिले?"

"घेतली ना वं," डॉक्टर म्हणाले. "माह्या बाह्या पाह्यतं का आता?"

बायका हसल्या, पंचफुलाबाईनं दंड पुढं केला, रांग सरकली. मी मात्र हातातली बाटली तशीच धरून उभी. कारण घेतली नव्हती. आम्हा नर्सना निघायच्या आधी अकोल्यात टोचलं होतं. हे बाळापूरहून परस्पर आले होते, आणि इथल्या सुया सगळ्या मी भरत होते. संध्याकाळी मी त्यांना धरलं. खोटं काहून बोलला, असं नाही म्हटलं, पण सुरात तेच होतं. ते तंबाखू मळत म्हणाले, "तू घेतली अन् दिवसभर तापानं फणफणली का नाही? मी एक दिवस आडवा झालो त इथं कोन पाह्यते? पंगतीत वाढपी पहिले बसते का कधी? सगळ्याईचं झालं का मंग त्याचं."

"आणि तोवर भाजी संपली तर?"

"त चटणीसंग खाईन," म्हणाले आणि हसले.

मी रोज भांडले. रोज. सुई भरून समोर धरली तर ती हातातून घेऊन पुढच्या माणसाला टोचली त्यांनी. आज मला त्या हसण्याचा राग येतो. आमच्या कामात ही खोड फार जुनी आहे. आपलं शेवटी. जेवण शेवटी, झोप शेवटी, औषध शेवटी. लोक त्याचं कौतुक करतात, आणि आम्हालाही ते आतून गोड लागतं. सुई घेतली असती तर ते वाचलेच असते दुखण्यातून, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. सुई घेतलेलेही आजारी पडत. पण निदान खोटं तरी बोलायला लागलं नसतं.

मग एक सून गेली. नवीनच लग्न झालेली, हातांतला चुडाही जुना झाला नव्हता. सासऱ्यासमोरून लोटा घेऊन वारंवार कसं जायचं म्हणून गोठ्यामागं बसून राहिली, कोणाला बोलली नाही. शाळेत आणली तेव्हा काहीच करायचं उरलं नव्हतं. डॉक्टर पायरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना बिनटोपीचे तेव्हा पहिल्यांदा पाहिले. डोक्यावर केस अगदीच विरळ होते, आणि ते एकदम कोणाच्या तरी घरातले म्हातारे वाटले.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर जाऊन ओरडायला लागले. खरोखर ओरडायला. अंगणात उभे राहून, सासू, सासरे, नवी सून, सगळ्यांसमोर, "जुलाब झाला, उलटी झाली, त्याच घडीले शाळेत या! सासू आडवी आली त सासूले घेऊन या! लाजता काहून? लाजून मरता का?" बायका पदरात तोंड लपवत. पण येऊ लागल्या. पहिल्या उलटीलाच येऊ लागल्या. रोग ओसरायला लागला तो, मला विचाराल तर, त्या ओरडण्यानं. पाण्याला पावडर लागली, सुया लागल्या, सगळं खरं. पण त्या गावातली लाज त्यांनी मोडली.

आणि स्वतःची?

शाळेमागं बाभळी होत्या, आणि बाभळींपलीकडं पंचफुलाबाईचा मळा. एका सकाळी ती फावडं टाकून, गाळानं भरलेल्या पायांनी तशीच आत आली आणि मला बाजूला ओढलं. "बाई, तुमचे डाक्टर पहाटपासून बाभळीमांगं जाऊन राहिले. आता येतानी कुंपण धरून उभे होते. मले लक्षण चांगलं दिसत नाही."

ते खुर्चीवर बसले होते, टोपी डोळ्यांवर ओढून. मी म्हटलं, "हात बघू." ते म्हणाले, "कायले?" आवाज पार बसलेला. मी न विचारता हात धरला. थंड होता, आणि बोटांची टोकं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. मी चष्म्याच्या आत पाहिलं. डोळे खोल गेले होते. या अवस्थेतली माणसं मी त्या गोणपाटांवर रोज पाहत होते, हे ओळखायला मला कोणाची गरज नव्हती.

"काही नाही," ते म्हणाले. "कालचं पिठलं तिखट होतं."

उठायला गेले आणि पोटरीत गोळा येऊन खाली कोसळले. आम्ही दोघींनी उचललं, कोपऱ्यातल्या बाजेवर ठेवलं. ते पुटपुटत होते, "या बाईले बाहेर पाठव. बाहेर पाठव तिले." पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "नाई जात! लाजता काहून डाक्टरसाहेब? आमाले त अंगणात उभं राहून सांगितलं. सुनाईले सांगितलं, लेकीईले सांगितलं. आता तुमच्यावर आलं त पिठल्यावर ढकलता?"

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

सलाईनच्या बाटल्या मोजक्या होत्या. नाल्यावरचा रस्ता खचला होता, जीप पलीकडंच थांबायची, आणि सामान डोक्यावरून येत होतं. "बाटली ठेव," ते भिंतीकडूनच म्हणाले. "कोनी लेकुरवाळी येईन, तिले लागन." मी म्हटलं, "येईल तेव्हा पाहू." बोलायला बोलले, पण बाटली लावणार कोण? शिरेत सुई घालणं हे डॉक्टरांचं काम. आम्ही बाटली धरायची, नळी उकळायची, पट्टी बांधायची. मी तोवर एकाही माणसाच्या शिरेत सुई घातली नव्हती. आणि घालू शकणारा तेवढ्या गावात एकच माणूस होता, तो बाजेवर होता.

शेवटी त्यांनीच शिकवलं. माझ्या तोंडाकडं पाहून त्यांना दया आली असावी, किंवा आयुष्यभराची सवय. "रबर घट्ट बांध. दंडावर, वर. मूठ..." त्यांना मूठ वळता येईना. पंचफुलाबाईनं त्यांचा पंजा स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन मिटला आणि तसाच धरून ठेवला. पहिल्यांदा शीर निसटली. दंडाशी निळा फुगा आला. मी रडायला लागले. "रडू नको. दिसत नाही मंग. सुई आडवी धर. आडवी. घाई नको करू. आलं का रक्त नळीत?" आलं. "आता सोड हळूहळू." बाटलीत बुडबुडा वर चढला, आणि मी तिथंच जमिनीवर बसले. शाब्बास म्हणाले नाहीत. म्हणाले, "पुढच्या वेळी अंगठा तिथं नको ठेवू." म्हणजे तेवढ्यातही मला शिकवत होते, मी त्यांचं काही करते आहे, हे काही केल्या मानायचं नव्हतं त्यांना.

पण पुढं शिकवण्यासारखं काही नव्हतं. पुढं होतं ते धुणं, पुसणं, फडकी बदलणं. मी ते कितीजणांचं केलं होतं, मला त्याचं काही वाटत नव्हतं. धोतर सोडायला गेले तेव्हा त्यांनी ते धरून ठेवलं. अंगात मुंगी झटकायचं बळ नव्हतं आणि त्या मुठीत मात्र कुठून आलं कोण जाणे. मी एकेक बोट सोडवलं. मग ते रडले. आवाज नव्हताच, नुसती हनुवटी हलत होती. ताप नाही, वेदना नाही, मरणाची भीती नाही; ते त्या धोतरासाठी रडत होते. दुपारी पाणी मागितलं. मी हंड्यातलं पाणी घेऊन चमच्याचमच्यानं पाजत राहिले, आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून ते घेतलं.

ते जगले. गावकऱ्यांनी बाज खांद्यावर घेऊन नाल्यापार नेली, तो काळ्या कोटातला म्हाताराही पुढं होता. डॉक्टरांनी तोंडावरून घोंगडी ओढून घेतली होती. लोकांना वाटलं, ऊन लागत असेल.

पावसाळा संपता संपता ते कामावर परत आले. मी आनंदानं बाळापूरला भेटायला गेले. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "या सिस्टर तायडे. बसा." माझ्या मागं कोणी दुसरं आलं आहे की काय म्हणून मी वळून पाहिलं! पुढंही कामानिमित्त अधूनमधून गाठ पडायची, पण तेव्हापासून तेच. काम असलं तर कामापुरतं, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं. चिडवणं बंद, ओरडणंही बंद. एखादं औषध हातात द्यायचं तर टेबलावर ठेवायचे, मी ते टेबलावरून उचलायचं. आणि वर्षाच्या आत त्यांनी अमरावतीकडं बदली मागून घेतली. जाताना सगळ्यांशी हसून बोलले. मला म्हणाले, "काम चांगलं करता तुमी."

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं आणि पश्चात्ताप पावले. ते खोकला आवरत म्हणाले, "त्याले तुहा विटाळ झाला असंल. शुद्धीवर आल्यावर ध्यानात आलं असंल कोनाच्या हातचं पाणी पेला त." मी खवळले. ते तसे नाहीत म्हटलं, आपल्या वस्तीतली भाकर खायचे म्हटलं. "भाकर खाणं येगळं," वडील म्हणाले. "मंग तो तोंड काहून चुकवते? तू जीव वाचवला ना त्याचा? तूच सांग, काहून?" मला माहीत होतं की ती लाज होती. त्या धोतराला धरलेल्या मुठीची लाज. पण मी आपल्या बापासमोर ते कसं बोलणार, आणि मला तरी पक्कं कुठं माहीत होतं? दोन्ही नकार बाहेरून सारखेच दिसतात म्हटलं ना. वडील दर वर्षी, पुराची नुसती बातमी आली तरी विचारायचे, "तुह्या डाक्टरचं काही पत्र?" तो टोमणा नसायचा. त्यांना खरंच आपण चुकीचे ठरावंसं वाटायचं. म्हणून तो प्रश्न मला जास्त लागायचा.

नर्सना रोग्याला कुशीवर कसं वळवायचं ते शिकवतात. मानेखाली हात कुठं घालायचा, चादर कशी सरकवायची. आपल्याला कोणी वळवलं तर कसं पडून राहायचं, ते कोणी शिकवत नाही. डॉक्टरांना तर त्याहून नाही. आम्ही पुरात जातो, दुष्काळात जातो, आणि परत आल्यावर कोणी विचारत नाही की बाई, तुला झोप लागते का? विचारलं तर आम्हीच म्हणतो, चपलेत खडा गेला. हे सगळं मला आता कळतं, आणि कळूनही माझा राग काही जात नाही. लाज वाटली असेल, मान्य. पण ज्या हातांनी धुतलं त्या हातांना त्याची शिक्षा कशाला?

गेल्या दसऱ्याला मी नागपूरला दीक्षाभूमीला निघाले होते. आठ-नऊ वर्षं झाली होती त्या पुराला. गाडीत पांढऱ्या लुगड्यांची, पांढऱ्या सदऱ्यांची गर्दी. समोरच्या बाकावर एक सद्गृहस्थ होते. मी कुठं निघाले ते कळल्यावर त्यांनी पाय आवरून घेतले. धामणगावला काही माणसं उतरली, आणि चढणाऱ्यांत डॉक्टर इंगोले होते. वाळलेले, हातात काठी. मागून त्यांची बायको, गोल चेहऱ्याची, दम लागलेली. रिकामी जागा माझ्याशेजारीच होती. त्यांनी मला पाहिलं. खरं सांगते, ते पुढच्या डब्यात निघून जातील असं वाटलं मला. गाडी हलली म्हणून बसले. "नमस्कार सिस्टर," म्हणाले आणि खिडकीकडं वळले.

काकूंना बोलायला माणूस हवंच होतं. मी बाळापूरकडं यांच्याबरोबर कामाला होते कळल्यावर तर त्यांना कोण आनंद झाला! डबा उघडून माझ्या हातावर दशमी ठेवली, वर ठेचा, काही विचारलं नाही. "तवा पूर आला होता ना वो तिकडं? हे त नुसते काडी होऊन आले होते घरी. मी इचारलं त म्हणे काम लय होतं."

डॉक्टरांची पाठ माझ्याकडं होती. मानेची शीर ताठ झालेली दिसत होती. मी म्हटलं, "हो काकू. काम फार होतं."

"याईचं एक आहे बाई," काकू कौतुकानं सांगू लागल्या, समोरच्या गृहस्थांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, "दुखणं आलं त माह्याशिवाय कोनाच्या हातचं पाणी घेत नाहीत. लेकीच्या नाही, सुनेच्या नाही. तोंड मिटून पडून राह्यतीन, पन घ्यायचे नाहीत. आजवर कधी घेतलं नाही."

"घेतलं होतं," डॉक्टर म्हणाले.

ते खिडकीतूनच बोलले, त्यामुळं काकूंना नीट कळलं नाही. "काय जी?"

"पाणी. दुसऱ्याच्या हातचं." मग ते वळले. माझ्याकडं पाहिलं, सरळ, खांद्यावरून पलीकडं नाही. "हिच्या हातचं. हैजा झाला होता मले, तुले सांगितलं नाही. हिनं चमच्यानं पाजलं. धुतलं-पुसलं, सगळं हिनंच केलं. तवापासून मले हिच्याकडं पाहवलं नाही. लाज वाटे."

डब्यात सगळ्यांनी ऐकलं. काकूंचा हात डब्यावर तसाच राहिला. समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र उघडलं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? इतकी वर्षं मी याचीच तर वाट पाहिली होती. पण माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की दशमी हातात कुस्करली गेली. तोंडून शब्द निघाले ते दवाखान्यातले नव्हते, आमच्या घरातले होते.

"माहा बाप मेला जी डाक्टर, मांगच्या उन्हायात," मी म्हटलं. "मरेपर्यंत तो म्हणे, त्याले तुहा विटाळ झाला."